बारवीचे चार मीटर : मीरा-भाईंदरचे पाणी आणि मुरबाडची गावे

१/२२
मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या शांती नगरातील नळाला येणारे बरेचसे पाणी सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर दूर असलेल्या बारवी धरणातून येते. या धरणाची उंची वाढवण्याचे काम हाती घेतल्यानंतर त्या वाढीव उंचीपर्यंत पाणी भरायला दशकाहून अधिक काळ जावा लागला. भिंत वाढवली गेली, दरवाजे बसले, पाऊसही दरवर्षी पडत होता. तरीही पाणी अडवता येत नव्हते, कारण जिथे पाणी भरायचे होते तिथे माणसे राहत होती. २०१९ च्या पावसाळ्यात हा पेच सुटला. तो कसा पडला आणि कसा सुटला, याचा हा इतिहास.

२/२२
सुरुवात भूगोलापासून. मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचे उत्तर टोक आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि मध्ये मिठागरे. ही वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. राजमाचीच्या डोंगररांगांत उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करत भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून समुद्राला मिळते. भाईंदरला पोहोचेपर्यंत तिचे पाणी खारे झालेले असते. त्यामुळे नदी दारातून वाहत असूनही पिण्याचे पाणी तिच्या वरच्या अंगाला जाऊन, गोडे असतानाच उचलावे लागते.

३/२२
साष्टी बेटावर गोड्या पाण्याचे साठे आहेत, पण त्यांवर पहिला हक्क मुंबईने सांगितला. १८५४ मध्ये पाऊस लांबला आणि मुंबईतील विहिरी व तलाव तळाला गेले. शहरातील जनावरे माहीमकडे हलवावी लागली. अवघ्या वर्षभरापूर्वी सुरू झालेल्या रेल्वेने आणि होड्यांनी शहरात पाणी आणले गेले. शहराबाहेरून कायमचा पाणीपुरवठा हवा, हे त्या टंचाईने सर्वांना पटवून दिले. अभियंता हेन्री कॉनिबेअर यांनी विहार खोऱ्यात, आज जिला आपण मिठी म्हणतो त्या नदीच्या वरच्या अंगाला, धरण बांधण्याची योजना मांडली होती. ती आता मार्गी लागली.

४/२२
विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. रोज सुमारे ३.२ कोटी लिटर पाणी मुंबईला मिळू लागले. परंतु अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस व्यापाराला भरती आली आणि माणसांचा लोंढा शहराकडे वळला. १८६४ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. चार वर्षांपूर्वी पुरेसा वाटलेला तलाव अपुरा पडू लागला. अखेर १८७२ मध्ये विहारच्या भिंतींची उंची वाढवण्यात आली आणि पुरवठा दुपटीहून अधिक, म्हणजे रोज सुमारे ६.८ कोटी लिटर झाला. शहराच्या भविष्यासाठी जलाशय मोठा करण्याचे हे या बेटावरील पहिले उदाहरण.

५/२२
तेवढ्यानेही भागले नाही. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. त्यानंतर घाईने पवईला धरण बांधले गेले, पण तेथील पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. साष्टी बेटावरची सोय तिथे संपली आणि मुंबईची नजर खाडीपलीकडे, शहापूरच्या जंगलातील तानसा नदीकडे वळली. १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लान्सडाउन यांच्या हस्ते तानसा योजनेचे उद्घाटन झाले. पुढे उंची वाढवावी लागेल हे ओळखून अभियंत्यांनी या दगडी भिंतीचा पाया आधीच रुंद ठेवला होता. तानसा योजना पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा तीन टप्प्यांत वाढवण्यात आली.

६/२२
या इतिहासातून एक क्रम दिसतो. टंचाई येते, धरण होते, पाणी आले म्हणून शहर वाढते, वाढलेल्या शहराला पुन्हा टंचाई जाणवते आणि मग धरण वाढते. विहार ते तानसा हा क्रम नव्वद वर्षे चालला. या साऱ्याच्या कागदपत्रांत अभियंत्यांची नावे आहेत, उद्घाटकांची आहेत, भिंतीची लांबी-उंची इंचापर्यंत नोंदलेली आहे. पाणलोटात आणि बुडीत क्षेत्रात राहणाऱ्यांची नावे मात्र मुंबईच्या पाण्याच्या प्रचलित इतिहासात सापडत नाहीत. जमीन संपादित झाली, एवढ्या एका वाक्यात त्यांची नोंद संपते.

७/२२
हा प्रश्न महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ठळकपणे आला तो मुळशीमुळे. मुळा-नीला नद्यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी धरण बांधायला घेतले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मावळातील गावांच्या जमिनी जाऊ लागल्या. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते. सत्याग्रह तीन वर्षे टिकला. धरण थांबले नाही, मात्र ज्याची जमीन बुडते त्याची संमती घ्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही.

८/२२
त्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळायला आणखी अर्धशतक जावे लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. त्यापूर्वी मोबदला म्हणजे प्रामुख्याने जमिनीचे पैसे, आणि ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला फारसे काही नाही, अशी स्थिती होती. कुळाने कसणारा, जंगलावर जगणारा, मजुरी करणारा माणूस मोबदल्याच्या यादीतून बाहेर राहत असे. बारवी धरण याच संक्रमणकाळात, सत्तरच्या दशकात, उभे राहिले. ही पार्श्वभूमी पुढील घटना समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

९/२२
बारवी ही उल्हासची उपनदी. तिच्यावरील धरण पाटबंधारे खात्याचे नाही आणि कोणत्याही महापालिकेचेही नाही. ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाला अंबरनाथ, डोंबिवली, बदलापूर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांसाठी खात्रीचे पाणी हवे होते. रसायने, कापड, औषधे, अभियांत्रिकी असे सगळेच उद्योग पाण्यावर चालणारे. म्हणजे मुळात हे धरण शहरांची तहान भागवण्यासाठी नव्हते. कारखान्यांभोवती कामगारांची वस्ती वाढली, वस्तीची शहरे झाली आणि कारखान्यांचे पाणी हळूहळू घरांकडे वळले.

१०/२२
धरणातले पाणी थेट नळात येत नाही. ते बारवीच्या पात्रात सोडले जाते, पुढे उल्हासला मिळते, तेथून उचलून जांभूळ येथील जलशुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांनी शहरांना दिले जाते. उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, याचे कारण दोन ठिकाणांहून तिला मिळणारे पाणी : एक बारवी धरण, दुसरे टाटांच्या आंध्र धरणावरील भिवपुरी वीजकेंद्रातून बाहेर पडणारे पाणी. कल्याणच्या पुलावरून मे महिन्यात दिसणारी नदी बऱ्याच अंशी माणसाने सोडलेल्या पाण्याची असते.

११/२२
आता मीरा-भाईंदरकडे. ऐंशीच्या दशकापर्यंत हा भाग म्हणजे मिठागरे, भातशेती, कोळीवाडे आणि रेल्वेची दोन स्थानके. मुंबईत घर घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा दहिसरच्या नाक्यापलीकडची स्वस्त जमीन बांधकाम व्यावसायिकांना दिसली. शांती नगर ही त्या काळात वसलेल्या मोठ्या वसाहतींपैकी एक : एकसारख्या इमारती, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, स्थानकापासून पायी अंतर. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली.

१२/२२
लोकसंख्येचे आकडे या वाढीचा वेग सांगतात. १९९१ मध्ये सुमारे १.७५ लाख, २००१ मध्ये सुमारे ५.२० लाख, २०११ मध्ये ८,०९,३७८. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ. इमारती उभ्या राहण्याचा वेग जलवाहिन्या टाकण्याच्या वेगाहून कितीतरी जास्त होता. टँकर हा त्या काळातील सोसायट्यांच्या खर्चातला नेहमीचा भाग झाला. ज्या शहराचे स्वतःचे मोठे धरण नाही त्याला दुसऱ्याच्या साठ्यातून वाटा मागावा लागतो, आणि मीरा-भाईंदरने तो दोन ठिकाणी मागितला.

१३/२२
पहिले ठिकाण म्हणजे ‘स्टेम’, शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण. ठाणे, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद हे तिचे भागधारक. शहाडला उल्हासचे पाणी उचलायचे, टेमघरला शुद्ध करायचे आणि वाटून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. दुसरे ठिकाण म्हणजे एमआयडीसी, अर्थात बारवी. दोन संस्था, दोन जलवाहिन्या, पण नदी एकच. त्यामुळे उल्हासच्या खोऱ्यात साठा कमी झाला की दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी तुटते. २०१५ मध्ये पाऊस कमी झाला आणि २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत ठाणे जिल्ह्यातील शहरांना आठवड्यातून काही दिवस पूर्ण पाणीबंदी सोसावी लागली.

१४/२२
यावरचा एक उपाय म्हणजे नवे धरण. मुरबाड तालुक्यातच काळू नदीवर धरण प्रस्तावित होते. पण वनजमीन, परवानग्या आणि आदिवासी गावांचा विरोध या वादात ते अडकले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दुसरा उपाय म्हणजे असलेलेच धरण वाढवणे. बारवीच्या पाणलोटात पाऊस भरपूर पडतो. धरण भरल्यावर उरलेले पाणी सांडव्यावरून वाहून खाडीला मिळत असे. शुद्धीकरण केंद्र आणि जलवाहिन्यांचे जाळे तर तयारच होते. भिंत थोडी उंच केली की वाया जाणारे पाणी अडवता येणार होते.

१५/२२
‘थोडी’ म्हणजे किती? पूर्ण संचय पातळी ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटरवर, म्हणजे फक्त चार मीटर. भिंतीवर अकरा स्वयंचलित दरवाजे बसवण्यात आले. या चार मीटरांमुळे साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून ३४०.४८ दशलक्ष घनमीटरवर गेला. वाढ जवळजवळ ४५ टक्के. हे वाढीव पाणी वर्षभर समान वाटले, तर बाष्पीभवन वगळता रोज सुमारे २९ कोटी लिटर होते. विहार तलावाच्या १८६० मधील संपूर्ण पुरवठ्याच्या हे नऊ पट आहे.

१६/२२
चार मीटरांत इतके पाणी मावते कसे? जलाशयाचा आकार पेल्यासारखा सरळ उभा नसतो, तो परातीसारखा पसरट असतो. तळाशी नदीची अरुंद घळ असते, वर जाता जाता दऱ्या रुंदावतात आणि पाणी ओढ्या-ओढ्यांत शिरते. म्हणून सर्वांत वरच्या मीटरमध्ये सर्वांत जास्त पाणी बसते. अभियंत्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ. पण ज्या कारणाने पाणी जास्त मावते, त्याच कारणाने जमीनही जास्त बुडते. शिवाय ती जमीन कड्याची नसते. वरच्या काठावर सपाट खाचरे, वाड्या, विहिरी आणि रस्ते असतात.

१७/२२
बारवीच्या या काठावर मुरबाड तालुक्यातील तोंडली, काचकोली, मोहघर, मानिवली, सुकाळवाडी, कोळे-वडखळ ही गावे आणि त्यांचे पाडे होते. आदिवासी आणि शेतकरी मिळून हजाराहून अधिक कुटुंबे. पावसाळ्यात भात, उरलेल्या काळात जंगलातील उपज, जनावरे आणि मजुरी यांवर चालणारे जीवन. धरण टप्प्याटप्प्याने वाढते तेव्हा काठावरच्या गावाला एक वेगळाच त्रास सोसावा लागतो. आपण उठणार हे त्याला ठाऊक असते, कधी ते ठाऊक नसते. उठणार असलेल्या गावात शाळेची नवी खोली कोण बांधणार? रस्ता कोण करणार? गाव पाण्यात जाण्याआधीच विकासाच्या यादीतून जाते.

१८/२२
आता पेच उभा राहिला. एमआयडीसीची भिंत तयार होती, पण योग्य पुनर्वसन झाल्याखेरीज गाव सोडणार नाही, ही ग्रामस्थांची भूमिका होती. १९७६ नंतरच्या कायद्यांनी आणि राज्यभरातील धरणग्रस्तांच्या चळवळींनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ हे तत्त्व रुजवले होते. विहार-तानसाच्या काळात सरकारला थांबावे लागले नसते. इथे थांबावे लागले. दरवर्षी पावसाळ्यात वाढीव पाणी अडवण्याची चर्चा होई, दरवर्षी दरवाजे पूर्ण क्षमतेने न वापरता पाणी सोडून दिले जाई. वाढलेल्या धरणाचा साठा कागदावरच राहिला.

१९/२२
तोडगा निघाला तो वेगळ्या वाटेने. पैसा आणि भूखंड यांबरोबर प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबातील एकाला नोकरी, ही मागणी पुढे आली. पण नोकरी कोणी द्यायची? शासनाने मान्य केलेले सूत्र असे : जी शहरे बारवीचे पाणी घेतात, त्यांनी नोकऱ्यांचा भारही उचलायचा. एमआयडीसीबरोबरच ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर यांसारख्या स्थानिक संस्थांवर ही जबाबदारी वाटण्यात आली. पाणी पिणारे शहर आणि गाव गमावणारे कुटुंब यांचा थेट व्यवहार कागदावर मांडला जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. विहारच्या काळात अशी कल्पनाही कोणी केली नसती.

२०/२२
२०१९ च्या पावसाळ्यात बारवी धरण प्रथमच वाढीव उंचीपर्यंत भरले. पुनर्वसनाची काही प्रकरणे तेव्हाही निकाली निघालेली नव्हती आणि नोकऱ्यांची पूर्तता पुढे दीर्घकाळ चालू राहिली. नोकरीने कुटुंबाला पगार मिळतो, निवृत्तिवेतनाचा आधार मिळतो. पण ती एका व्यक्तीला मिळते. गावाची गुरचरण, ओढ्यावरची मासेमारी, जंगलावरचा वहिवाटीचा हक्क, देवाची जागा या सगळ्या गोष्टी सामायिक होत्या. त्यांचा मोबदला एका नेमणूकपत्रात बसत नाही. हा व्यवहार आधीच्या कोणत्याही व्यवहाराहून न्याय्य होता. तो पूर्ण न्याय होता, असे मात्र म्हणता येत नाही.

२१/२२
मीरा-भाईंदरची गरज बारवीवरही थांबली नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीच्या पाण्यावर ४०.३ कोटी लिटर प्रतिदिन क्षमतेची योजना हाती घेतली. त्यातले १८.५ कोटी लिटर वसई-विरारसाठी आणि २१.८ कोटी लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरवण्यात आले. सूर्या नदीवरील धामणी धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील सिंचनासाठी होते. शेतीचे पाणी शहराकडे जाणार म्हणून तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी या योजनेला विरोध केला. बारवीत कारखान्यांचे पाणी घरांकडे वळले, सूर्येत शेतांचे वळत आहे.

२२/२२
शहराचे पाणी वाढवणे टाळता येत नाही. आठ लाखांच्या वस्तीला तहानलेले ठेवणे हाही अन्यायच. परंतु बारवीचा इतिहास एक ठोस गोष्ट शिकवतो : धरणाची क्षमता भिंतीच्या उंचीवर ठरत नाही. ती काठावरच्या माणसांशी केलेला करार किती लवकर आणि किती प्रामाणिकपणे पाळला जातो, यावर ठरते. तो करार आधी झाला असता, तर २०१६ ची पाणीबंदी बरीच सौम्य झाली असती आणि गावांचीही अनिश्चिततेतली वर्षे वाचली असती. ज्या कुटुंबाचे खाचर आज ७२.६० मीटरच्या रेषेखाली आहे, त्याच कुटुंबातील एखादा मुलगा वा मुलगी आता त्या पाण्यावर जगणाऱ्या एखाद्या महापालिकेत नोकरी करते. पाण्याचे देयक भरताना ही बाजूही माहीत असावी.

(समाप्त)